ताकदीच्या गोळ्या

फोन वसंताचा होता. "आत्या, ती गेली," एवढंच बोलला. 'आई गेली' नाही म्हणाला. महिना होत आला आता. सिंधूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, वसंताची सख्खी आई. नव्वदीला टेकली होती, तेव्हा अकाली गेली असं काही म्हणवत नाही. पण मी हिंगणघाटला पोचले तेव्हा तिरडी अजून दारात होती, आणि बायकांमध्ये कुजबुज चालली होती, "पोटच्या पोराले विष चारलं होतं म्हने हिनं..." अहो, मेल्यावर तरी! म्हणून लिहायला बसले.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, त्याच्या आगेमागेची गोष्ट. दादा कापसाच्या जिनात मुकादम होता. वडील नव्हते, घरात शब्द मायचा चालायचा. वहिनी मोठी हसरी होती, पण दुसरं बाळ जन्मताच गेलं आणि तिचं डोकं फिरलं. रिकामा पाळणा हलवत बसायची, शेजारणींना म्हणायची, "हळू बोला, आत्ताच निजला." दादाने तिला नागपूरच्या पागलखान्यात नेलं. काही महिन्यांनी परत आली ती गप्प, अंगानं सुजलेली, आणि सोबत गोळ्यांची बाटली. तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या त्या गोळ्या. वरून साखरेचा लेप, गुळगुळीत, बत्तासा चाटावा तशा. नेमकं माझं लग्न बघत होते तेव्हा. मायने बाटली हातात धरून सगळ्यांना बजावलं, "घरात पागल हाय म्हनलं तं शांतेले कोन करंन? कोनी इचारलं तं सांगायचं, बाळंतपनानं अशक्त झाली, ताकदीच्या गोळ्या हायेत." झालं. लोकांना सांगता सांगता घरातही तेच नाव पडलं. "सिंधे, ताकदीची गोळी घेतली का?" आणि वसंता होता चार वर्षांचा, नुसती हाडं. माय त्याला उठता बसता टोचायची, "काडी पहेलवान, वारा आला तं उडून जाशीन!" आता तुम्हीच सांगा, त्या पोराने काय समजावं?

समुद्रपूरचे पाहुणे मला पाहायला आले त्या दिवशी वहिनीला स्वयंपाकघरातून हलायचं नाही अशी ताकीद होती. मी पाटावर बसले होते. मुलाचे काका विचारत होते, भरीत येते का, शिवणं येते का, जरा चालून दाखव. तेवढ्यात वसंता आतून झोकांड्या खात आला. काका हसले, "काय बे, ताडी पेलास का?" सगळेच हसले, मीसुद्धा. मग तो भिंतीशी कोसळला. ओलं लुगडं पिळावं तशी त्याची मान एका खांद्याकडे पिळत गेली, बुबुळं वर चढली, नुसतं पांढरं दिसायला लागलं, जीभ बाहेर... डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच राहायचे, धावत आले. जबडा दाबून पाहिला आणि म्हणाले, "धनुर्वात दिसतो. झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल. कुठे जखम झाली होती? काही खाल्लं का यानं?" सुई भरायला घेतलीसुद्धा.

"काई नाई साहेब," माय म्हणाली. "निस्ते पोहे खाल्ले."

वहिनी दारात येऊन उभी होती, हातात बाटली. मायने तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की मला पाटावरून दिसला. "अंदर जाय. तोंड उघडलं तं याद राखजो."

"साहेब, थांबा. यानं माह्या गोळ्या खाल्ल्या. बाटली रिकामी हाय."

"कसल्या गोळ्या?"

"ताकदीच्या!" माय मध्येच ओरडली. नातू समोर वाकडा होऊन पडलेला, आणि हिची नजर पाहुण्यांकडे.

वहिनीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पागलपनाच्या. मी पागल हाओ, साहेब. पागलखान्यातून आनल्या. मले पहिल्यांदा देल्ल्या तवा माही मान अशीच फिरल्ती."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. दादाला नंतर म्हणाले, "त्या गोळ्यांवर ही टोचली असती तर पोरगा पुन्हा उठला नसता." तिथंच रबरी नळी घालून पोट धुतलं. त्याचे पाय वहिनीने धरले होते. पोराचं अंग थंडगार, ओठ पांढरे. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाहुणे अर्थात केव्हाच गेले होते. काकांनी जाताना टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि दादाला म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय हो. पन आमाले येवढी ताकद झेपाची नाई."

ते वाक्य मायच्या जिव्हारी लागलं, आणि त्याची किंमत वहिनीने भरली. वसंताचं अंथरूण मायजवळ आलं. आईच्या हातचं खायचं नाही, तिनंच तुले विष देल्लं, हे त्याला घासासोबत भरवलं. दिवाळीपर्यंत सगळ्या पुऱ्यात, आळीभर, तीच गोष्ट झाली. वहिनी एकदा म्हणाली, "मी तं वाचवलं त्याले." माय म्हणाली, "पागलाची साक्ष कोन घेते?" दादा तिथंच बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. चपला घालून बाहेर निघून गेला. माझं पुढे नालवाडीत जमलं, मी सुटले. वहिनी त्याच गोळ्यांवर सुधारली, सगळ्या घराचं रांधत राहिली. पोरगा शिकला, साहेब झाला, नागपूरला गेला. भेटायला यायचा तो घरून पाण्याची बाटली घेऊन. नातवंडं कधी आणली नाहीत. मी दोनदा खरं सांगायला गेले, दोन्ही वेळा उठून गेला. "आत्या, जुनं काऊन उकरतं?"

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी आणि वसंता दोघंच तिच्या खोलीत होतो. छताच्या फाट्याला शिंकं टांगलेलं, त्यात तिची गोळ्यांची बाटली. खाली स्टूल. रोज त्यावर चढून काढायची. सत्तरीत पडली, हात मोडला, तरी शिंकं खाली घेतलं नाही. मी रागावले होते, "अवं वहिनी, आता कोन लहान हाय या घरात?" तर म्हणाली, "येईन ना कोनी एखांद वक्ती. पोराईचा काय भरोसा."

ते सांगून मी म्हटलं, "वसंता, तुले तुह्या मायनं..."

"मले ठाव हाय." तो वर बघत होता. "मीच काढल्या होत्या, फळीवर चढून. गोड लागल्या. सगळं आठवते मले, आत्या."

"मंग इतके वर्ष...?"

"आजी होती तोवर भेव वाटे. मंग... सवय झाली."

त्याने उभ्या उभ्या हात वर करून बाटली काढली. शिंकं तिथंच आहे. त्याचा हात तिथे सहज पोचतो. तिचा, स्टुलावर चढूनही, जेमतेम पोचायचा.