दोन कुलपांच्या आत

आमच्या विहारातल्या चोरानं सुरुवात नळाच्या तोट्यांपासून केली. मग पंपाची तांब्याची तार गेली, मग पायरीजवळची पितळी घंटा. घंटा जाताना वाजलीसुद्धा नाही, किंवा वाजली असेल तर जबलपूरच्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यात कोणी कूस बदलली नाही.

विहाराच्या समितीत सगळे सरकारी कारखान्यांतून आणि रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी कारखान्याच्या स्टोअरची पद्धत आणली. दाराला लोखंडी जाळीचं गेट, गेटला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. ती माणसं संगनमत करणारी नसावीत म्हणून ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे अशीच निवडली, कारखानावाले काका आणि रेल्वेवाले काका. निवड बिनविरोध झाली! समया साखळीनं भिंतीला बांधल्या, आणि वर नियम केला की घासायला साखळी काढली की गेट बाहेरून बंद. घासणारी बाई आत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती बाई मी होते.

त्याच दिवशी चार वाजता नागपूरहून पाहुणे माझ्या मुलीला बघायला यायचे होते. मुलगा चांगला, घर आपल्यातलं, आणि मला हे स्थळ काहीही करून जमवायचं होतं. मुलगी इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिला मी पढवून ठेवलं होतं, नोकरीचं विचारलं तर फक्त हसायचं. दुपारपर्यंत समया लख्ख करून घरी पोचेन, असा माझा बेत. चिंच भिजवली, पदर खोचला, बाहेर दोन्ही काकांनी एकमेकांकडे न बघता आपापलं कुलूप लावलं.

काम संपलं तेव्हा कारखानावाले काका हजर. त्यांनी आपलं कुलूप उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

"अन् दुसरं?"

"ते माझं नाही."

"काका, त्यांना फोन तर लावा!"

"मी त्याच्याशी बोलत नाही, बाई."

फोन मी लावला. रेल्वेवाले काका मेहुण्याकडे जेवायला पाटनला गेले होते, किल्ली बनियनच्या खिशात. "अरे बापरे! जेवण करून राहिलो. आता बस चारलाच, तिनं येतो," म्हणाले. मागून पापड मोडल्याचा आवाज आला.

"तोडा ते कुलूप," मी म्हटलं.

"तोडतो, अन् उद्या तो सगळ्यांना सांगेल की मीच चोर."

मुलीचे बाबा ड्यूटीवर इटारसीला. मुलीला फोन करून बोलावलं, जाळीतून घराची किल्ली तिच्या हातात दिली आणि पुन्हा बजावलं, "फक्त हसायचं." पण पाहुण्यांना आईशिवाय बसणं बरं वाटेना. आमची गल्ली मागचीच. चहाचे कप घेऊन ते सरळ विहारापाशी आले.

"जय भीम, ताई," मुलाची आई जाळीशी येऊन म्हणाली. "तुम्ही आत काहून?"

"आमच्याकडे चोरांचा बंदोबस्त फार कडक आहे," मी म्हटलं. हातात समई, कोपरापर्यंत चिंचेचा कोळ. मुलानं हसू दाबलं. मला तो आणखीच आवडला.

सगळे पायरीवर बसले. घरी असते तर मी कशी सूत्रं हलवली असती! चिवड्याची बशी पुढे करायची, विषय बदलायचा, मुलीला आत बोलवून चिमटा काढायचा. इथं माझी बोटं जेमतेम जाळीबाहेर येत होती.

"लग्नानंतर नोकरी?" मुलाच्या आईनं विचारलं.

मी खोकले. समई फरशीवर आपटली. मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकू, मैं नौकरी नहीं छोडूँगी. अन् जबलपूर पण नाही."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "ताई, फोनवर तर तुम्ही म्हणाल्या, पोरगी कुठंही यायला तयार आहे."

मी समई घासू लागले. ती आधीच घासलेली होती.

पाहुणे चांगले लोक. घरी बोलून कळवतो म्हणाले आणि गाडी गाठायला निघाले. मुलगा जाताना दोनदा मागे वळला; कोणाकडे, ते मला जाळीतून नीट दिसलं नाही.

कारखानावाले काका कोपऱ्यात जाऊन पाठमोरे बसले. मुलगी पायरीवरच राहिली.

"मला आधी काहून नाही सांगितलं?"

"बताया था, आई. किती वेळा. मी सुरू केलं की तू किचनमध्ये निघून जाते. कधी कुकर, कधी दूध."

खरं होतं. आता मात्र इथं ना कुकर होता, ना दूध, आणि पाटनची बस अजून यायची होती. मी जाळीला पाठ टेकून बसले.

"मुलगा कसा वाटला?" मी विचारलं.

"अच्छा है," ती म्हणाली. "पण आधी माझं ऐक."

आणि पहिल्यापासून सांगू लागली.