रेश्माने बाळ घेतलं नाही

“तेवढं सोडून काय पन सांगा, ताई. बाळाला ती हात लावनार न्हाई.” टाकव्याच्या सुनीताकाकीने बाळंतिणीच्या खाटेवरूनच मला बजावलं.

‘ती’ म्हणजे तिची पुतणी रेश्मा. वय बारा. आई-वडील दोघंही एड्सने गेले, तेव्हापासून काका-काकीकडे. मी लोणावळ्यातल्या एका संस्थेत काउन्सेलर. म्हणजे औषध नाही, इंजेक्शन नाही; बोलायचं आणि ऐकायचं. याचा पगार कशाला देतात, असं माझ्या सासूबाईंनाही वाटतं.

रेश्माचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तिला लागण नव्हतीच. असती तरी एका ताटात जेवून किंवा बाळ मांडीवर घेऊन एचआयव्ही पसरत नाही. पण घरात तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. काकी दुष्ट नव्हती. सणाला आधी रेश्माला कपडे घ्यायची, मग स्वतःला. नुसती घाबरलेली होती.

बारसं सव्वा महिन्याने ठरलं होतं; तोवर मी जात राहिले. एकदा रेश्माच्या तांब्यानेच पाणी प्यायले. काकी बघत राहिली. पुढच्या खेपेला तो तांब्या घरातल्या माठावर दिसला.

“टाकव्याची केस क्लोज करा आता,” संस्थेतले आमचे सर म्हणाले.

“बारसं होऊ दे, सर.”

बारशाला बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बाळ वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. काकीने सगळ्यांदेखत हाक मारली, “रेश्मे, त्या अंगाला उभी ऱ्हा. बाळ तू घ्यायचं.” मला इतका आनंद झाला की विचारू नका.

काकीने पाळण्याखालून बाळ पुढे केलं. रेश्माने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“घे की गं!”

“नगं, काकी. त्याला काय झालं मंजी?”

शेजारच्या बाईने पटकन बाळ घेतलं. कार्यक्रम पार पडला. काकी नंतर चुलीपाशी बसून रडली. “मीच शिकवलं न्हवं का तिला,” एवढंच म्हणत होती.

मी रेश्माला अंगणात गाठलं. जेवण झालं होतं आणि ती आपलं ताट घासून, वेगळं, भिंतीला उभं करत होती.

“रेश्मा, तुझा रिपोर्ट चांगला आहे ना?”

“रिपोर्टात रगत बघत्यात, ताई. हात कुटं बघत्यात? आईला शेवटी मीच भरवत हुते.”

तेव्हा जे वाईट वाटलं, ते अजून गेलेलं नाही.

सोमवारी सरांनी विचारलं, “क्लोज?”

“काकीची झाली, सर. रेश्माची आता सुरू होतेय.”

घरच्यांची भीती कशी घालवायची, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तोवर ती पोरात किती मुरलेली असते, हे गावात गेल्यावर कळतं.

बाळ आता रांगतं. रोज पडवीत रेश्माकडेच येतं. ती पाय वर घेऊन बसते.