शुक्रवारचा एक रुपया

या ग्रुपवरचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते. खरं सांगू? बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, पिंपळाखालची बाई... राग मानू नका, पण मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आम्ही बौद्ध. आमच्या चिंताकी गावच्या घरात देव आणि भूत, दोघांनाही अप्पांनी एकाच दिवशी हाकलून दिलं होतं. लहानपणी कुणी अंगात आल्याचं सांगितलं, की अप्पा म्हणायचे, "त्याला म्हणावं आधी अंग धू." अशा घरात वाढलेली मी आज इथे लिहायला बसलेय, यावरूनच काय ते समजा.

अप्पा गेल्यावर माय माझ्याकडे गुलबर्ग्याला राहायला आली. घरात आम्ही दोघीच. धाकटा भाऊ सिद्धार्थ, म्हणजे आमचा सिद्धू, हुमनाबादच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लॉरी चालवायचा. हायवेवरच्या ढाब्यावर कुणीतरी त्याला ओमानचं सांगितलं आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. पाण्याचा टँकर चालवायचा, राहणं-खाणं कंपनीचं. मी नको म्हटलं, माय रडली. पण सिद्धूचं असं, की एकदा गिअर टाकला की रिव्हर्स नाही.

जाताना त्याचं इथल्या बँकेचं एटीएम कार्ड मी ॲपमधून परदेशात चालेल असं करून दिलं. तिकडचा पगार सुरू होईपर्यंत मी इथून खात्यात पैसे टाकायचे आणि त्याने तिकडच्या मशीनमधून काढायचे, असं ठरलं. खात्याला मोबाइल नंबर माझाच होता. पिन काय ठेवलास म्हणून विचारलं तर हसला. धम्मदीक्षेचं साल! अहो, आमच्या अख्ख्या गल्लीत निम्म्या कार्डांचा पिन तोच आहे. हा शहाणपणा फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतो. बदल म्हटलं, त्याने बदलला नाही.

तिकडे गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा फोन टँकरच्या पाण्यात पडला. कॅम्प वाळवंटात. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी कंपनीची बस सगळ्यांना जवळच्या गावात सोडायची. तिथे पेट्रोल पंपाला लागून एक एटीएम होतं. पगार लांबत चालला होता, त्यामुळे नवा फोन काही येईना. कधीतरी सोबतच्या एका माणसाच्या फोनवरून बोलायचा, तेही घाईघाईत.

एका शुक्रवारी दुपारी माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. सिद्धूने परदेशातल्या एटीएमवर नुसता बॅलन्स बघितला होता आणि त्याचा चार्ज कापला गेला होता. काढलं काहीच नव्हतं. मी चिडले. मायला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. "म्हंजी त्यो तिथं हाय की गं आत्ता! उभारलाय मशीनपुढं!"

पुढे कधीतरी फोन आला तेव्हा मायने त्याला हे सांगितलं. मग काय, सिद्धूला खेळच मिळाला. दर शुक्रवारी दुपारी तो मशीनवर बॅलन्स बघायचा. तो आमच्यासाठी त्याचा मिसकॉल. मेसेज आला की मी मोबाइलवरून त्याच्या खात्यात एक रुपया टाकायची. तो थोडा वेळ थांबून पुन्हा बॅलन्स बघायचा. रुपया वाढलेला दिसला, म्हणजे घरी सगळं ठीक. त्या दुसऱ्या बघण्याचा मेसेज आला, की आमचं बोलणं संपलं. बँकेला चार्जचे पैसे जायचे ते जायचेच. मी कुरकुर केली तर म्हणाला, "अक्का, एवढ्यात तर हुमनाबादला चहा-भजी बी येत न्हाईत. मायला हाक मारायलोय, मारू दे की."

एकदा कॉलेजात परीक्षेच्या ड्युटीवर माझा मोबाइल बाहेर जमा होता. रुपया टाकायचा राहिला. संध्याकाळी सिद्धूचा कुणाच्या तरी फोनवरून कॉल. "माय बरी हाय न्हवं? कामून उत्तर न्हाई दिलंस? मी सामान बांधायलो होतो." खरंच निघाला असता तो. मायला त्यानंतर कितीतरी दिवस याचं कौतुक पुरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. टँकर उलटला. सिद्धू जागेवरच गेला.

विमान हैदराबादला आलं. पेटी मी घेतली, ओळख मी पटवली. हनुवटीखालची खूण, लहानपणी कडब्याच्या गंजीवरून पडला तेव्हाची, ती मी माझ्या बोटाने चाचपली. हे मुद्दाम लिहितेय, कारण दुसऱ्याच कुणाचा मृतदेह आला असेल असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. नाही. तो आमचा सिद्धूच होता. चिंताकीला आमच्या शेताच्या कडेला त्याला अग्नी दिला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. सामानाच्या पिशवीत कपडे, घड्याळ आणि पाकीट होतं. पाकिटात ते कार्ड, मधोमध वाकलेलं, चिप निघून आलेली. ते मी गुलबर्ग्याला आणून कपाटात ठेवलं.

त्यानंतरच्याच शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होते. मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज. परदेशातल्या एटीएमवर बॅलन्स बघितल्याचा चार्ज.

माझ्या हातातून उलथनं पडलं, हे खरंय. पण डोकं जागेवर होतं. परदेशातले व्यवहार कधीकधी उशिरा नोंदले जातात, हे मला माहीत होतं. जुनाच चार्ज आत्ता कापला असेल. मायला काही बोलले नाही.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा मेसेज. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी एक... मी मोबाइल पालथा घातला. माय बाहेरच्या खोलीत बसली होती. तिला वाचता येत नाही, पण बँकेच्या मेसेजचा आवाज ती ओळखते. उठून दारात आली.

"सिद्धू हाय व्हय?"

"न्हाई माय. बँकेची चूक हाय."

मोबाइल पुन्हा वाजला. ती पुढे आली. म्हणाली, "पोरगं उन्हात उभारलंय अन् तू फोन पालथा घालायलीस? एक रुपया टाक की गं."

तिची समजूत काढायची म्हणून मी रुपया टाकला. खरंच, तेवढ्यासाठीच. लगेच एक मेसेज आला. आणि मग शांत. त्या दिवशी पुन्हा काही वाजलं नाही. मी खरी घाबरले ती तेव्हा... मेसेज आल्यामुळे नाही, थांबल्यामुळे.

माझं फिजिक्स एवढ्यात हार मानणारं नव्हतं. कुणीतरी कार्डची नक्कल केली असणार, पिन तर जगजाहीर. म्हणून मी खात्यात चांगली घसघशीत रक्कम टाकली. चोर असेल तर उचलेल, आणि मी सुटले. शुक्रवारी मेसेज आला. रकमेला हात नाही. नुसता बॅलन्स बघितलेला. रुपया टाकला, पुन्हा बघितला, थांबला.

मग ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं. शुक्रवारी मेसेज आला.

बँकेत गेले. मॅनेजर भला माणूस होता. कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, कार्ड तर ब्लॉक दाखवतंय. त्यावरून काही होणं शक्यच नाही." मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. कापलेले चार्ज त्याच्या स्क्रीनवरही होते. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. शेवटी म्हणाला, "सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. वर कळवतो." मग हळूच म्हणाला, "खातेदार वारले असतील तर मृत्यूचा दाखला देऊन खातं बंद करून टाका ना." मी हो म्हटलं आणि घरी आले.

सिद्धूच्या त्या सोबत्यालाही फोन लावला. मशीनजवळ कुणी दिसतं का, असं विचारायचं होतं, पण कसं विचारणार? मी नुसतं म्हटलं, तुम्ही शुक्रवारी अजून त्या पंपावर जाता का. तो म्हणाला, "नहीं दीदी, वो कॅम्प तो कंपनीने उठा दिया. अब उधर कोई नहीं." पुढे त्याने सिद्धूची आठवण काढली आणि रडायला लागला. मी फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल, गेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर मायला बरं वाटत असेल. आधी वाटलं. शुक्रवारी ती सकाळीच आंघोळ करून मोबाइलपाशी बसायची. पण हळूहळू ती जेवेनाशी झाली. एका शुक्रवारी रुपया टाकून झाल्यावर मला म्हणाली, "आपण त्याला इकडं आणलं, जाळलं, सगळं केलं. मग त्यो तिथं कामून हाय?"

तीच पुढे म्हणाली,

"त्याला कोनी सांगितलंच न्हाई गं, की त्यो गेलाय. अजून ड्युटीच करायलाय त्यो. पगाराची वाट बघायलाय."

हे ऐकून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कारण मलाही नेमकं तेच वाटत होतं आणि मी ते बोलत नव्हते. भूत म्हणजे आपल्या घरी येणारं, असं आपण ऐकलेलं असतं. आमचा तर घरी येतच नव्हता. कॅम्प उठला, सोबतचे लोक गेले आणि हा तिथे एकटाच शुक्रवारच्या शुक्रवारी मशीनपुढे उभा राहून विचारतोय, माय बरी आहे का. आणि आम्ही काय सांगतोय? ठीक आहे. एका रुपयात तेवढंच सांगता येत होतं. 'घरी ये' म्हणायला आम्ही काही ठरवलंच नव्हतं.

काही दिवसांनी मायनेच विषय काढला. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद कर ते खातं."

"माय, मग त्याचा मेसेज यायचा न्हाई."

"यीना तर यीना. आपण हर शुक्रवारी ठीक हाय, ठीक हाय म्हनायलोय, म्हणून त्यो निवांत थांबायलाय तिथं. उत्तर न्हाई मिळालं की काळजी करतंय माझं लेकरू. मागं न्हाई का, सामान बांधायला घेतलं व्हतं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काळजी वाटली की येतोय बघ त्यो घरी."

मी कपाटातून कार्ड आणि मृत्यूचा दाखला काढला.

खातं बंद केलं. मॅनेजरने कार्डचे माझ्यासमोर कात्रीने तुकडे केले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मेसेज आला नाही. खातंच नाही तर मेसेज कुठून येणार, हे मलाही कळतं. पण त्या दुपारी तो मशीनपुढे उभा असेल, पडद्यावर काहीतरी लाल अक्षरं आली असतील, त्याने पुन्हा पुन्हा बटणं दाबली असतील... हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मायने मात्र भरपेट स्वयंपाक करायला लावला. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. तीन ताटं मांडली. शेवटी आम्ही दोघींनी खाल्लं, तिसरं झाकून ठेवलं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. सिद्धू आलेला नाही. दारावर टकटक नाही, पावलांचा आवाज नाही, स्वप्नातसुद्धा नाही. तुमच्या अनुभवांत असतं तसं काहीच नाही. माय दर शुक्रवारी ताट मांडते. दिवसेंदिवस तिचा आवाज खोल चाललाय. परवा म्हणाली, "लांब हाय ना गं ते. वाट सापडना गेली असंल."

चिप नसलेलं, ब्लॉक केलेलं, माझ्या कपाटात असलेलं कार्ड तिकडे कोण वापरत होतं, हे मला माहीत नाही. रुपया टाकला की मेसेज का थांबायचे, हेही माहीत नाही. बँकेकडून अजून काही कळलेलं नाही. इथे बँकेत किंवा कॉम्प्युटरमध्ये काम करणारे कुणी असतील तर खुलासा जरूर करा, मी आनंदाने माझं हसं करून घेईन. मला खरंच सर्व्हरचा प्रॉब्लेमच हवा आहे. कारण तो सर्व्हरचा प्रॉब्लेम नसेल, तर आम्ही फोन कायमचा ठेवून दिलाय आणि पलीकडे तो अजून हॅलो, हॅलो करत उभा आहे.