ओट्याखालचा माणूस

निजामाचं राज्य जाऊन उर्दू शाळा बंद झाली, तेव्हा आता मराठी की कानडी, यावर आमच्या गावात सभा भरली. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून तावातावानं भांडत होतो. खाली उन्हात वेशीबाहेरच्या वस्तीतला एक माणूस उभा होता, वहाणा काखेत धरून. रोज दिसायचा, नाव कधी विचारलं नव्हतं.

"तुझं काय म्हणणं रे?" तपासणीला आलेल्या साहेबानं उर्दू वळणाच्या मराठीत त्याला विचारलं.

"कोणचीबी शिकवा, मालक. माझी पोरगी शाळंच्या भाईर बसायलीय. आता तरी आत घेताव का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याला वाटलं, कळलं नसावं. त्यानं तेच कानडीत विचारलं, मग साहेबासाठी उर्दूत.

आम्ही खाली फरशीकडे बघत राहिलो. तिन्ही भाषा आम्हाला येत होत्या.