हिरामणभाऊंचा उजवा डोळा

घाटातलं वळण आलं की हिरामणभाऊ उजवा डोळा मिटून घेत. नवख्या प्रवाशांना वाटे, देवाचं नाव घेताहेत. मी मोलगीच्या शाळेत शिकवायला रोज त्यांच्या जीपने जाई, त्यामुळे खरं कारण मला ठाऊक होतं. त्या डोळ्यात वडस वाढत होतं. तांबूस मांसाचा तो पापुद्रा नाकाकडून बाहुलीकडे सरकत होता आणि त्या डोळ्याला रस्ता धूसर दिसे.

माणूस शहाद्याकडचा, तोंडात अहिराणी आणि नाकावर राग. दाराला कोणी लोंबकळलं की गाडी थांबवून दरडावत, "गाडी मन्ही शे, पन जीव तुमना शे!" स्वतःच्या डोळ्याबाबत मात्र कमालीचे बेफिकीर. एकदा ते मांस कापून घेतलं आणि लाली ओसरायच्या आत गडी पुन्हा धुळीत हजर. औषधाचे थेंब नाहीत, काळा चष्मा नाही. मी टोकलं तर म्हणाले, "बाई, तन उपटी टाकं ना, आते कसानी भीती?" काही महिन्यांतच ते पहिल्यापेक्षा जाड होऊन परतलं.

एका बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या जीपसमोर उजवीकडून म्हैस आली. आम्ही सगळे ओरडलो तेव्हा कुठे भाऊंनी ब्रेक दाबला. डावं चाक दरीच्या काठावरच्या मुरमात घसरत जाऊन थांबलं. "माले म्हैस दिसनीच नही," भाऊ पुटपुटले. प्रवाशांतल्या एका ड्रायव्हरच्या हाती किल्ली देऊन ते मागच्या बाकावर जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. ऊन-धुळीने डोळ्याच्या पेशी चिडतात आणि वाढीला चालना देणारे घटक सोडतात, त्याने मांस आणि रक्तवाहिन्या फोफावतात. सोबत पाझरणारे काही एन्झाइम बुबुळाचा पारदर्शक थर झिजवून त्या मांसाला पुढे वाट करून देतात. कापल्याची जखम भरतानाही हे सगळं जोरात चालू असतं.

"म्हंजे मीच त्याले खतपानी घालं?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. या वेळी त्यांनी मांस कापून उघड्या पडलेल्या जागेवर त्याच डोळ्यातल्या निरोगी आवरणाचा तुकडा लावला. मात्र ते पुन्हा वाढणारच नाही, अशी हमी दिली नाही.

गाडी चालवायची परवानगी मिळाल्यावर भाऊ चष्मा लावून घाटाच्या पायथ्याशी थांब्यावर आले. आम्ही जागा पकडायला धावलो, तर दार अडवून उभे. "थांबा. पहिले मी एकला जाई येस."

रिकामी जीप घाट चढू लागली. वळणावर दिसे, पुन्हा नाहीशी होई. मग आवाजही विरला. बऱ्याच वेळाने ती खाली आली. भाऊंचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"ज्याले भरोसा शे, त्यानीच बसानं."

कोणी हललं नाही. मलाही भीती वाटत होती. तरी पुढे झाले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भाऊंनी उजवीकडे नीट वळून पाहिलं आणि मगच किल्ली फिरवली.