ज्याचं जसं, त्याच्याशी तसं

सलूनवाल्याला कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. सगळे त्याला रेडिओ म्हणत. गिऱ्हाईक बदललं की याचं स्टेशन बदलायचं. खुर्चीत वकीलसाहेब असले की, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे साहेब, आपण काय भाष्य करणार?" ते उठून ट्रक ड्रायव्हर टेकला की, "कुठं उलथला होतास रे महिनाभर? तोंड बघ, नुसतं रान माजलंय!" शाळेतल्या जुन्या बाई नातवाला घेऊन आल्या की हाच गडी 'कृपया मान किंचित खाली' वगैरे. आपण कोणाची नक्कल करतोय असं त्याच्या मनातही नसे. जीभच तशी वळायची. धंदा बरा होता, बायको फटकळ पण मायेची होती, माणूस मजेत होता. फक्त वकील आणि ड्रायव्हर एकाच वेळी आले की त्याची त्रेधा उडायची.

त्याची लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे वायरिंग करायला आलेला मुलगा तिने पसंत केला. घरी सगळ्यांना आवडला. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी.

"ते उद्या तुमच्या दुकानात येणार आहेत," शनिवारी लेक म्हणाली. "कोण ते न सांगता, दाढी करायला. त्यांच्या मुलानेच मला गुपचूप सांगितलं. घरी माणूस सजून बसतो, कामावर खरा दिसतो म्हणे. छापखान्यात असतात, बोटं शाईने काळी, लगेच ओळखाल. बाबा, एक दिवस तरी तुमचं स्वतःचं बोला हं. त्यांना बनेल माणूस अजिबात चालत नाही."

"माझं स्वतःचं म्हणजे कुठलं गं?"

लेकीने कपाळाला हात लावला. "माझ्याशी भांडता ते!" बायको आतून म्हणाली.

रविवारी सकाळी ते आले. काळी बोटं मांडीवर ठेवून खुर्चीत बसले, "दाढी" एवढंच बोलले आणि गप्प. रेडिओने तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं होतं. पण नशीब बघा, बाकावर वकील आणि ड्रायव्हर दोघंही हजर.

"काय हो, आपल्या रस्त्याचं काम मार्गी लागेल का?" वकिलांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"पाठपुरावा सुरू आहे साहेब, सकारात्मक निर्णय अपेक्षित आहे."

"ए, माझा नंबर आज लागेल ना?" इति ड्रायव्हर.

"बूड टेक की जरा! ट्रक काय एकटा पळून जातोय?"

दोन्ही वाक्यं एका दमात गेली. आरशात पाहुण्यांचे डोळे बारीक झाले. लेकीची सोयरिक आपल्या जिभेने बुडवली, असं रेडिओला वाटलं.

"यातलं तुमचं खरं बोलणं कोणतं?" पाहुण्यांनी विचारलं.

रेडिओने वस्तरा बाजूला धरला. थाप मारायचं बळच नव्हतं. "दोन्ही खरी. परक्या माणसाच्या हातात मान द्यायची म्हणजे जीव कासावीस होतो हो. आपल्यातलंच कोणी बोलतंय असं वाटलं की मान सैल पडते. माझ्या बोटांना कळतं ते. म्हणून ज्याचं जसं, त्याच्याशी तसं. तुम्ही बोललाच नाहीत, त्यामुळे तुमच्याशी कसं बोलावं तेच सुचेना."

डोकं मागे टेकून पाहुण्यांनी डोळे मिटले. रेडिओने उरलेली दाढी उरकली.

तोंड पुसून झाल्यावर पाहुणे म्हणाले, "चाळीस वर्षं मशीनपाशी काढली. त्या आवाजात बोलायची सवयच गेली. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. आता मी आणि मुलगा जेवतो, ताटं उचलतो, झोपतो. तुमची लेक बोलते का तुमच्यासारखी?"

"माझ्या वरताण!" रेडिओ अभिमानाने म्हणाला.

"मग लवकर पाठवा तिला."

जमलं! ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली, वकिलांनी दोघांचंही अभिनंदन केलं. रेडिओने हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. इतके दिवस सगळं लक्ष होकाराकडे होतं. होकार आला म्हणजे लेक जाणार, हे त्याला आत्ता कळलं. संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेल्यावर दारातच जिची बडबड सुरू होते, ती दारात नसणार. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाहुण्यांपुढे रडू नये म्हणून तो उगाच टॉवेल झटकत राहिला.

पाहुणे दारापर्यंत गेले, चप्पल घालता घालता थांबले. बोलायची सवय नसलेल्या माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा त्यांनी घेतला.

"व्याही," ते म्हणाले, "मी दर रविवारी दाढीला इथेच येत जाईन. येताना तिला घेऊन येईन."