कानानं शिजवलेलं सूप

माझ्या थोरल्या लेकीला वास येत नाही. आता ते सगळ्यांना ठाऊक झालंय, म्हणून लिहायला हरकत नाही. आधी पाच महिने ते फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. एवढी मोठी गोष्ट माझ्या पोटात पाच महिने राहिली, याचंच मला जास्त नवल वाटतं.

थोरली बुटांच्या कारखान्यात स्वयंपाकीण आहे. कारखान्याच्या मागच्या अंगाला लांबट कॅन्टीन आहे, तिथे दुपारी तीनशे माणसं जेवतात. सुरुवातीला ती तिथे भांडी घासायची, मग कांदे चिरायला लागली. एके दिवशी मुख्य स्वयंपाकी न सांगता निघून गेला. हिनं बाह्या सारल्या, डाव हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. याला बावीस वर्षं झाली. शिकवलं कुणीच नाही. झाकण काढायची, वाफेवर नाक धरायची आणि म्हणायची, "कांदा कच्चा आहे, अजून पाच मिनिटं." पाच म्हणजे पाचच.

गेल्या हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचे वास गेले आणि आठवड्याभरात परतही आले. हिचा तेवढा आला नाही. मला कळलं ते असं, की दूध करपत होतं, मी दोन खोल्या पलीकडून नाक दाबत धावत आले, आणि ही शेगडीकडे पाठ करून निवांत वाटाणे सोलत बसलेली.

"अगं, नाक आहे की नुसती शोभा?" मी ओरडले.

तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस. वास न येणारी स्वयंपाकीण म्हणजे आंधळा सोनार. शेगडी जाईल माझी."

शेगडी जाईल म्हणजे पुन्हा भांडी घासायला जावं लागेल. पन्नाशीला आलेल्या बाईला बावीस वर्षांनी परत साबणाच्या पाण्यात हात. मी तोंडाला कुलूप लावलं. जावईबापूंनासुद्धा सांगितलं नाही. ते बस चालवतात, तासन्‌तास गप्प राहायची सवय आहे त्यांना, पण घरी आले की ती सगळी कसर भरून काढतात.

कॅन्टीनमध्ये तिचं निभत होतं. नेहमीचे पदार्थ हाताला पाठ होते. काही आंबलंय का, नासलंय का, ते बघायचं असलं की शेजारच्या स्वयंपाकिणीला हाक मारायची. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. "चष्मेवाली, जरा वास घे गं, मला सर्दी झालीय." पाच महिने एकच सर्दी. चष्मेवालीनं तिला तीनदा काढा आणून दिला.

मग एका सोमवारी मॅनेजरबाईंनी नवीन काढलं. कारखान्यात चाळीसएक माणसं अशी आली होती, की दूध नको, लोणी नको, अंडं नको, मधसुद्धा नको. त्याला व्हीगन म्हणतात म्हणे. त्यांच्यासाठी दर बुधवारी शेंगदाणे आणि रताळ्यांचं झणझणीत सूप करायचं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी थोरलीनं घरून एक पातेलं करून आणायचं, मॅनेजरबाई चाखणार, जमलं तर तेच लागू.

थोरली संध्याकाळी घरी आली ती पांढरीफटक. "हे माझ्या हाताला पाठ नाही गं. आयुष्यात केलेलं नाही. शेंगदाणे भाजले कधी आणि जळले कधी, हे नाकानंच कळतं ना?"

"माझं नाक आहे की," मी म्हटलं. "जीभही आहे. दोन्ही घे. एरवी कुणी विचारत नाही त्यांना."

रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शिरलो. जावईबापू ड्युटीवर होते. तिनं कढईत शेंगदाणे टाकले, आच मंद केली आणि ढवळायला लागली. मी ओट्याशी स्टुलावर.

"आला वास?"

"आला."

"कसला?"

"शेंगदाण्यांचा. आणखी कसला येणार?"

"आई! भाजल्याचा की जळल्याचा?"

"थांब जरा. अजून थोडे होऊ दे."

मला शेंगदाणा खमंग म्हणजे चांगला काळपट लागतो, त्याला काय करणार. ते उतरवल्यावर तिनं कांदा, आलं, लसूण तेलात परतलं, टोमॅटो टाकला, रताळ्यांच्या फोडी टाकल्या, पाणी घातलं. रताळी शिजल्यावर वाटलेल्या शेंगदाण्यांचा लगदा त्यात सोडला. मला चमच्यानं चाखवलं. मी म्हटलं, मिरची कमी आहे. तिनं घातली. मी म्हटलं, अजून. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आता कुठे जरा कळतेय.

एवढ्यात जावईबापू आले. भुकेले होते, वाटी भरून घेतली, पहिलाच घोट चांगला मोठा घेतला. आधी त्यांचे कान लाल झाले, मग उचकी लागली. मग ते उठून थेट नळाखाली वाकले. वर आले तेव्हा डोळ्यांतून धारा.

"सासूबाई," ते म्हणाले, "हे सूप आहे की सूड?"

"सूपच आहे. तुमचीच जीभ नाजूक. शहराभर बस फिरवता आणि एक मिरची झेपत नाही?"

"एक? आणि हे कडू कशानं लागतंय? काय जाळलंत यात?"

थोरली भिंतीला टेकली. मग तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. ताप, नाक, पाच महिन्यांची सर्दी, शुक्रवार. जावईबापूंची उचकी थांबली. मग म्हणाले, "म्हणजे गेले पाच महिने मी रोज नवीन अत्तर लावून मिरवतोय, ते फुकट?"

ती हसली आणि हसता हसता रडली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. काढलीही असती, पण तिनं वाटी उचलली आणि रागारागानं एक मोठा घोट घेतला. दुसऱ्या क्षणी तिचे डोळे भरून आले, या खेपेला मात्र दुःखानं नव्हे.

"आई! भाजतंय हे!"

"तेच तर हे केव्हाचे सांगताहेत."

"नाही गं, मला भाजतंय! मला कळतंय!"

गेले पाच महिने ती चार घास गिळून उठत होती. अन्न तोंडात घोळवलंच नव्हतं तिनं. नाक गेलं म्हणजे जिभेवरचंही सगळं गेलं, असं ठरवून बसली होती. तिथल्या तिथे तिनं मिठाचा खडा जिभेवर ठेवला, मग लिंबू, मग साखर, मग कच्च्या रताळ्याची चकती. खारट, आंबट, गोड, सगळं जागेवर. ते जळके शेंगदाणे चावून म्हणाली, "कडू. अगदी कडू." असं म्हणाली, जसं काही पेढा खातेय. काखेत कळसा नि गावभर वळसा.

मग माझ्याकडे वळली. "आई, तुझी चूक नाही. पण उसन्या जिभेनं स्वयंपाक होत नाही."

मला लागलं थोडं. खरं असलं की जास्त लागतं.

सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी आमच्याकडे सूप. नाक सोडून जे जे उरलं होतं, ते सगळं तिनं कामाला लावलं. शेंगदाणे भाजताना खिडकी बंद, पंखा बंद, आमची तोंडं बंद. ती कढईवर कान देऊन उभी. आधी काहीच नाही, मग तुरळक तडतड, मग ती वाढत जाते, आणि एक वेळ अशी येते की तडतड विरळ व्हायला लागते. तेव्हाच उतरवायचे. एक दाणा चोळला तर साल हातात यायला हवं, आणि आतली पाकळी बिस्किटाच्या रंगाची हवी. लसणाची कड सोनेरी झाली की टोमॅटो. मिरच्या माझ्या जिभेच्या हिशेबानं नाहीत. सहा माणसांना दोन सुक्या, बिया झटकून.

खरा घात होता शेवटी. शेंगदाण्याचा लगदा पडला की सूप जड होतं आणि तळ धरायला बघतं. नाकवाल्या बाईला ते करपल्यावर कळतं. थोरलीनं ते आधी ओळखायला शिकून घेतलं. उकळीचा आवाज टुपटुपीवरून जाड होतो, आणि तळावरून फिरणारा डाव काचेवरून घसरायचा तो कापडावरून फिरल्यासारखा अडतो. तिनं माझा हात डावावर ठेवून दाखवलं. मला दोनदा कळलं नाही, तिसऱ्यांदा कळलं, आणि अंगावर काटा आला.

गुरुवारी जावईबापूंनी तीन वाट्या खाल्ल्या. चौथीला नको म्हणाले, तेही रडकुंडीला येऊन.

शुक्रवारी पातेलं बसनं न्यायचं म्हणजे दोन माणसांचं काम, म्हणून मी बरोबर गेले. कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर मला बसवलं. मॅनेजरबाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला, मग सरळ वाटी मागितली. चष्मेवालीनं न विचारता घेतली.

"झालं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "बुधवारपासून हेच. आणि बाकीच्यांना शिकवा. शेंगदाण्यांचा वास नेमका कसा आला की उतरवायचे, ते आधी दाखवा."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. ते तिचं तिनंच ठरवायचं होतं. ती सहज म्हणू शकली असती, दाखवते. तिनं डाव खाली ठेवला.

"बाई, मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. मी लपवलं, ते चुकलं."

चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे माझा काढा..."

"गटारात," थोरली म्हणाली. "माफ कर."

मॅनेजरबाईंनी वाटी बाजूला ठेवली. "तीनशे माणसं जेवतात इथे. काही नासलेलं गेलं तर?"

प्रश्न रास्त होता, आणि थोरलीनंही तो टाळला नाही. "नासकं माझ्या भरवशावर कधीच सोडलं नाही. दर वेळी चष्मेवालीला विचारलंय. आता खोटं कारण न सांगता विचारीन. पण शिजवणं माझ्याकडून काढून घेऊ नका. इथेच करून दाखवते."

"चाळीस जणांचं?"

"चाळीस जणांचं."

रताळी आली, शेंगदाणे आले. ती म्हणाली, "कुणी बोलायचं नाही," आणि खुद्द मॅनेजरबाई गप्प उभ्या राहिल्या. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरलेय, पण त्या मोठ्या पातेल्यातल्या सुपाला घाबरले तशी कशालाच नाही. घरी सहा माणसांचं जमणं वेगळं. इथे पातेल्याचा तळ परातीएवढा. डाव दोन्ही हातांनी फिरवावा लागत होता. लगदा पडला, सूप घट्ट झालं. चष्मेवाली वाफेवर नाक धरून शेजारी उभी होती.

"आच कमी कर," थोरली एकदम म्हणाली. "डाव्या अंगाला तळ धरतोय."

"छे, मला तर काहीच वास नाही," चष्मेवाली म्हणाली.

"यायचाही नाही इतक्यात. आच कमी कर."

मॅनेजरबाईंनी स्वतः डाव घेतला, डाव्या अंगानं तळ खरवडला आणि वर काढला. लगद्याची पातळ साय डावाला चिकटली होती, नुसती चिकटलेली, रंगही बदलला नव्हता. त्यांनी ती बोटावर घेऊन चाखली. मग डाव थोरलीच्या हातात परत दिला.

"शेगडी तुमचीच," त्या म्हणाल्या. "नासक्याचं नाक चष्मेवालीचं, आणि ते तसं पाटीवर लिहून लावा. पुन्हा लपवाल तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

मी बसल्या जागी ताठ झाले. त्या खुर्चीला पाठ नव्हती, तरी मला टेकल्यासारखं वाटलं.

थोरलीचं नाक अजून आलेलं नाही. येईल किंवा नाही येणार, डॉक्टरही खांदे उडवतात. परवा बुधवारी तिचा डबा द्यायला गेले, तर दारातच थबकले. चष्मेवालीनं कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला लावला होता आणि शेंगदाणे भाजत होती. शेजारी माझी लेक हाताची घडी घालून उभी.

"उतरवू?" चष्मेवालीनं नाकातल्या नाकात विचारलं.

"घाई कसली?" थोरली म्हणाली. "ऐक."